ताऱ्यांच्या मधल्या अंधारात काय असतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

दिवाळीत वणीला घरी होतो. रात्री लाईट गेली, म्हणून सगळे गच्चीवर. समोर गडाची काळी आकृती, वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश. नववीतल्या आतेभावाने विचारलं, "दादा, दोन ताऱ्यांच्या मधे काय असतं रे?" मी बीटेकवाला, एकदम कॉन्फिडन्सने म्हणालो, "काही नसतं. पोकळी." नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, उत्तर साफ चुकलं होतं. तर हा भाग म्हणजे तो बग फिक्स.

ताऱ्यांच्या मधे वायू असतो. थोडा थंड, थोडा भयंकर गरम. थंड वायू शोधायची सोय आपल्या रस्त्यावरच आहे. पुण्याहून वणीला येताना नारायणगाव लागतं ना, तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. थंड हायड्रोजनचे रेडिओ संदेश ती जमिनीवरून पकडते. पण वायू लाखो अंश तापला की हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन सुटून जातो आणि तो संदेश बंद होतो. मग गरम वायू सापडणार कसा?

इथे ऑक्सिजन मदतीला येतो. त्याच्याकडे आठ इलेक्ट्रॉन. साधारण ३ लाख अंशांना त्यातले पाच निघून जातात, तीन उरतात. असा अर्धवट लुटलेला ऑक्सिजन मागच्या ताऱ्याच्या प्रकाशातून नेमके दोन रंग गिळतो: १०३.२ आणि १०३.८ नॅनोमीटर. हे रंग अतिनील आहेत. आपले डोळे सुरू होतात ४०० च्या आसपास, म्हणून आपल्याला तिथे अंधारच दिसतो.

ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्टीत पसरवला की गिळलेल्या जागी काळ्या रेषा दिसतात, बारकोडसारख्या. कोणती रेषा, यावरून कोणता अणू आणि किती तापलेला, ते कळतं. ताऱ्याचा स्वतःचा वारा रुंद रेषा उमटवतो, वाटेतला वायू अरुंद. त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. म्हणजे काय दिसलं यापेक्षा काय गायब आहे, ते वाचायचं. लॉग फाइलमध्ये न आलेली ओळ शोधतो ना आपण, तसंच.

अडचण एकच. हा प्रकाश आपल्या हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन अडवतात. आपल्या त्वचेसाठी ते बरंच आहे, पण दुर्बीण मग अवकाशातच न्यावी लागते. लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये अशा गरम वायूचा अंदाज मांडला होता. १९७२ मध्ये कोपर्निकस उपग्रह वर गेला आणि एकामागून एक ताऱ्यांच्या प्रकाशात ऑक्सिजनच्या त्या रेषा सापडल्या. पुढे १९९९ ते २००७ 'फ्यूज' या दुर्बिणीने हेच काम जास्त बारकाईने केलं.

आपलंही यात काम आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे. ती घडवण्यात बंगळुरूच्या आयआयएसोबत पुण्याच्या आयुकाचाही हात होता. ती १३० नॅनोमीटरच्या खाली बघत नाही, म्हणून ऑक्सिजनच्या रेषा तिच्या आवाक्याबाहेर आहेत. १ लाख अंशांच्या कार्बनची खूण १५५ ला येते. तो रंग तिच्या टप्प्यात आहे, पण बारीक रेषा सुट्या करायला हबलसारखं यंत्र लागतं. तिची ताकद वेगळी. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिच्याच निरीक्षणांतून ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून निसटलेला अतिनील प्रकाश दाखवला. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवू शकेल इतका तो जोरकस होता.

आतेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, "एवढा गरम आहे तर आपण भाजत कसे नाही?" बरोबर प्रश्न. फुलबाजीची ठिणगी आठव, म्हटलं. ती हजारभर अंश तापलेली असते, हातावर पडली तरी जेमतेम टोचते, कारण तिच्यात माल फार कमी. ताऱ्यांमधल्या त्या गरम वायूचे तर एका लिटरच्या बाटलीत दोन-चार कण निघतील. वेग प्रचंड, संख्या नगण्य.

आणि हा वायू आला कुठून? मुख्यतः फुटलेल्या ताऱ्यांमधून. मोठ्या ताऱ्यांच्या पोटात ऑक्सिजन तयार होतो, स्फोटात बाहेर फेकला जातो, मग हळूहळू थंड होऊन नव्या ताऱ्यांत आणि ग्रहांत मुरतो. आत्ता तुम्ही घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजनही कधीतरी असाच प्रवास करून आलाय. आपला सूर्यसुद्धा जुन्या स्फोटांनी पोखरलेल्या एका गरम फुग्याच्या आत आहे. त्याला लोकल बबल म्हणतात.

तर मंडळी, कुणी विचारलं "तिथे काय आहे?" तर "काही नाही" म्हणायच्या आधी एकदा स्वतःला विचारा, आपण कोणत्या प्रकाशात बघितलं? मी फक्त डोळ्यांनी बघितलं होतं. भेटू पुढच्या भागात!