पहिल्या गोळीच्या आधी

स्पेनच्या यादवी युद्धात लढायला अमेरिकेतून गेलेले स्वयंसेवक बहुतेक नवखे होते. कुणी विद्यार्थी, कुणी खलाशी, कुणी गोदीकामगार. युद्धानंतर येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन डोलार्ड यांनी या अमेरिकनांपैकी ३०० जणांना एकाच गोष्टीबद्दल खोदून खोदून विचारले: भीती. हा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला.

दहातल्या सात जणांनी सांगितले, पहिल्या लढाईला निघताना आपण घाबरलो होतो. भीतीचा जोर सर्वांत जास्त असे तो लढाई सुरू होण्याआधी, नुसती वाट पाहत बसण्याच्या वेळात. एकदा हाताला काम लागले की बहुतेकांची भीती ओसरे. भीतीच्या खुणाही त्यांनी सांगितल्या: छातीत धडधड, आवळलेले स्नायू, पोटात खड्डा, तोंडाला कोरड, हातपायांना कंप. काहींचे कपडेही ओले झाले होते, आणि तेही त्यांनी सांगितले. या प्रामाणिकपणामुळेच हा अभ्यास आजही मोलाचा वाटतो.

पोटातल्या त्या खड्ड्याचा माग या अभ्यासाच्या कितीतरी आधी लागला होता. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला असताना, हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकणारे वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून त्यांच्या जठराच्या हालचाली पडद्यावर पाहत. जठरावरून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. मांजर बिथरले की त्या लाटा थांबत. अंगावरून हात फिरवून त्याला शांत केले की पुन्हा सुरू होत. पुढे कॅनन यांनी याची संगती लावली. धोका जाणवताच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, हृदय वेगाने चालते, पचन थांबते, लाळ आटते आणि रक्त स्नायूंकडे वळते. शरीर झुंजायला किंवा पळायला तयार होते.

पण पहिल्या लढाईला निघालेल्या विशीतल्या पोराला हे कोण सांगणार? धडधडणारी छाती त्याला स्वतःच्या भित्रेपणाचा पुरावा वाटते. आपले पाय ऐन वेळी हलले नाहीत तर, सोबत्यांसमोर आपण कच खाल्ली तर, हे विचार नवख्याला मरणाइतकेच छळतात. खरे तर शेजारी बसलेल्याची छातीही तितकीच धडधडत असते, पण दोघेही गप्प.

अनुभवाने भीती जाते का? सेमूर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ यांनी १९६० च्या दशकात पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचा अभ्यास केला. नवशिक्यांची भीती उडीच्या क्षणापर्यंत चढत जाई. मुरलेल्यांनाही भीती वाटे, पण ती आधीच शिगेला पोहोचून उडीच्या वेळेपर्यंत उतरलेली असे.

डोलार्ड यांच्या ३०० जणांपैकी दहातल्या आठांचे मत होते की लढाईआधी भीती मोकळेपणाने बोलून दाखवावी. ऐन लढाईत मात्र ती चेहऱ्यावर दिसू देऊ नये, कारण शेजारचा शांत दिसला की आपलाही धीर टिकतो, असा त्यांचा अनुभव होता. १९४४ साली अमेरिकी युद्धखात्याने नव्या सैनिकांसाठी माहितीपुस्तिका काढली. तिच्यात, तुम्हाला भीती वाटणारच, असे सरळ छापलेले होते.