हत्ती बघायला उएनोला

टोकियोच्या पूर्व भागातल्या निशी-कासाईमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. इथून तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन दिवसभर बाहेर जायचं असेल, तर उएनोचं प्राणिसंग्रहालय सोयीचं पडतं. तोझाई मार्गाच्या मेट्रोने निहोनबाशी गाठायचं आणि तिथे गिन्झा मार्गाची गाडी पकडायची. या मार्गाचा उएनो ते असाकुसा हा पहिला टप्पा १९२७ साली सुरू झाला. जपानमधली भुयारी रेल्वे सुरू झाली ती इथेच.

शाळेत न जाणाऱ्या मुलाला तिकीट लागत नाही. एका मोठ्या माणसामागे अशी दोन मुलं फुकट जातात. बाबागाडीचा प्रश्न मात्र बरीच वर्षं भिजत पडला होता. गर्दीच्या डब्यात ती घडी करून धरावी, अशी अनेकांची अपेक्षा असे. एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात घडी केलेली गाडी आणि खांद्यावर पिशवी घेऊन उभं राहणाऱ्या आईची कल्पनाच केलेली बरी. अखेर २०१४ साली सरकारी पातळीवर ठरलं, की बाबागाडी न मिटता रेल्वेत आणि बसमध्ये नेता येईल. त्यासाठी एक चिन्हही तयार झालं. गाडीच्या डब्यांवर आणि लिफ्टजवळ ते दिसतं.

१८८२ साली उघडलेलं उएनो हे जपानमधलं सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालय. मोठ्यांना ६०० येन पडतात, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. सोमवारी बंद. आत शिरल्यावर पूर्वी सगळ्यांचे पाय पांडांकडे वळत. १९७२ साली चीनशी राजनैतिक संबंध जुळले आणि पाठोपाठ कांग कांग व लान लान इथे आले. तेव्हापासून उएनो म्हटलं की पांडा हे समीकरणच झालं. आता मात्र इथे पांडा नाहीत. शेवटची जुळी २०२६ च्या जानेवारीत चीनला परतली.

भारतातून गेलेल्या कुटुंबाने तरी हत्तींपाशी जास्त वेळ थांबावं. १९४३ साली, युद्ध ऐन भरात असताना, हवाई हल्ल्यात पिंजरे फुटून जनावरं शहरात सुटतील या धास्तीने टोकियोच्या प्रशासनाने सिंह, वाघ, अस्वलं मारून टाकायला लावली. तिन्ही हत्तींचा नंबरही त्यातच लागला. विष घातलेले बटाटे त्यांनी खाल्ले नाहीत, म्हणून त्यांना उपाशी ठेवलं गेलं. माणूस दिसला की ते शिकवलेल्या कसरती करून खायला मागत. सप्टेंबर संपेपर्यंत तिघंही गेले.

युद्ध संपलं तेव्हा जपानभरात हत्ती उरले होते दोनच, तेही नागोयाला. त्यातला एक द्या, असं टोकियोच्या मुलांनी मागून पाहिलं. तो मिळाला नाही, पण १९४९ मध्ये मुलांना हत्ती बघायला नागोयाला नेणाऱ्या खास रेल्वेगाड्या सोडल्या गेल्या. तेवढ्याने मुलांचं समाधान झालं नाही. त्यांनी थेट पंडित नेहरूंना पत्रं लिहिली. शेकडो पत्रांचा तो गठ्ठा एका भारतीय व्यापाऱ्याबरोबर दिल्लीला पोचला. नेहरूंनी म्हैसूरकडची सुमारे पंधरा वर्षांची हत्तीण निवडली, तिला आपल्या लेकीचं नाव दिलं, आणि ही भेट भारतातल्या मुलांकडून जपानमधल्या मुलांना आहे, असं कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात इंदिरा बोटीने टोकियोला उतरली. पुढच्या वर्षी ती जपानच्या दौऱ्यावरही निघाली, म्हणजे लांबच्या गावातल्या मुलांनाही तिला पाहता आलं. १९८३ साली ती गेली. मागणं मुलांचं आणि ते एका पंतप्रधानाने पुरवलेलं. प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासात याहून सुंदर पान सापडणं कठीण आहे.

या संग्रहालयात हत्तीचं पिल्लू जन्मायला मात्र २०२० चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आईबाप थायलंडहून आलेले, आणि पिल्लाचं नाव अरुण. थाई भाषेतही त्याचा अर्थ पहाटच. नाव ऐकताच मराठी मूल त्याला ओळखीच्या माणसासारखी हाक मारतं.

दुपारी डबा. बाकावर किंवा आपल्या चटईवर बसून ओनिगिरी खायची: भाताचा मुटका, भोवती समुद्री शेवाळाचा कागद आणि आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. शाकाहारी घरांनी बाहेरच्या रश्शापासून जरा जपावं, कारण नुसत्या भाजीचा वाटणारा रस्साही बहुधा माशाच्या काढ्यावर केलेला असतो. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच दिसतात. डब्यातला कचरा पिशवीत घालून घरी न्यायचा, हे इथलं मूल चालायला लागल्यापासून शिकतं.

मग पूल ओलांडून पश्चिमेच्या भागात जावं. तिथला हाशिबिरोको नावाचा पक्षी, खडावेएवढ्या चोचीचा, कितीतरी वेळ जागचा हलत नाही. मुलं त्याच्यासमोर श्वास रोखून उभी राहतात आणि त्याने पापणी मिटली तरी ओरडतात.

पाच वाजता दारं बंद होतात. परतताना थोडी वाट वाकडी केली, तर निसर्ग आणि विज्ञानाच्या राष्ट्रीय संग्रहालयाबाहेर निळ्या देवमाशाची खऱ्या आकाराची प्रतिकृती आहे, समुद्रात सूर मारत असल्यासारखी. शेजारी वाफेचं जुनं इंजिन उभं आहे. दोन्ही बघायला तिकीट लागत नाही, आणि पाय दुखतात म्हणून कडेवर चढून बसलेलं मूल तिथे हमखास खाली उतरतं.