शनिवारच्या अर्ध्या सुट्टीची लीग

७ मे २०१२ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या इवूड पार्क मैदानात, सामना ऐन रंगात असताना, कुणीतरी एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला होता. त्या रात्री ब्लॅकबर्न रोव्हर्स विगनकडून १-० असा हरला आणि प्रीमिअर लीगमधून खाली घसरला. कोंबडीच का, हे पुणे-पिंपरीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकीजने, म्हणजे वेंकटेश्वरा हॅचरीजच्या राव कुटुंबाने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये तो संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून, जिंकून गेला. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडी, त्यामुळे हा प्रकार आपल्या अगदी दारात घडला.

तेव्हा आपल्याकडे चर्चा रंगली ती मालकांची आणि चिकनची. क्लब जुना आहे एवढं सगळ्यांनी ऐकलं होतं. तो कशाच्या जिवावर उभा राहिला, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी ते विचारायला हवं होतं.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं मागांचं गाव. तिथल्या गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. आपल्याकडे नेसली जाणारी धोतरं तिथे विणली जात, जहाजाने मुंबई-कलकत्त्याला उतरत आणि आपल्याच बाजारात आपल्या साळ्याकोष्ट्यांच्या पोटावर पाय देत. पुढे परदेशी कापडावर बहिष्कार आला, गिरण्या थंडावल्या. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला जाऊन बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटून आले. ही मात्र नंतरची गोष्ट. रोव्हर्स जन्मला तो गिरण्यांच्या भरभराटीत.

५ नोव्हेंबर १८७५ रोजी तिथल्या सेंट लेजर हॉटेलात सतरा जण जमले. बोलावणारे होते जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन, दोघेही श्रूजबरीच्या खानदानी शाळेत शिकलेले. म्हणजे सुरुवात कामगारांनी केलेली नव्हती, सुखवस्तू घरातल्या पोरांची ती हौस होती. ऊझहेड इथलं त्यांचं पहिलं मैदान हे एक कुरण होतं. मधोमध गुरांच्या पाण्याचं डबकं. त्यावर फळ्या टाकून, वर हिरवळीचे तुकडे अंथरून खेळ चाले.

सात वर्षांत हाच संघ एफए कपच्या अंतिम फेरीत पोचला आणि १८८२ मध्ये ओल्ड इटोनियन्स या ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून १-० असा हरला. पुढच्याच वर्षी त्याच इटोनियन्सना हरवून कप ब्लॅकबर्नला आला, पण आणला रोव्हर्सच्या शेजाऱ्याने. ब्लॅकबर्न ऑलिंपिकमध्ये विणकर होते, सूत कातणारा होता, प्लंबर होता, ओतकाम करणारा होता. सामन्याआधी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी रीतसर सराव शिबिर केलं. मैदानावर मजूर साहेबाला हरवू शकतो, हे इंग्लंडला पहिल्यांदा दिसलं ते इथे. रोव्हर्सने त्यातून योग्य तो धडा घेतला आणि १८८४, १८८५, १८८६ असा ओळीने तीन वर्षं कप जिंकला.

हे फुकट होत नव्हतं. फर्गी सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट आधी डार्वेनला खेळायला आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. दगड फोडायचं काम त्याने सोडून दिलं होतं. मग चूल कशी पेटत होती? सगळ्यांना माहीत होतं, उघड कुणी बोलत नव्हतं. खेळाडूला पैसे देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते टेबलाखालून दिले जात. अखेर जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने पगारी खेळाडूंना मान्यता दिली.

आता क्लबपुढे नवी पंचाईत उभी राहिली. पगार दर आठवड्याला द्यायचा, तर तिकिटाचे पैसेही दर आठवड्याला आले पाहिजेत. कप म्हणजे बाद फेरी. पहिल्याच सामन्यात हरलात की हंगाम संपला. बाकीचे शनिवार मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढायचे, आणि ते कुणीही आयत्या वेळी रद्द करायचं. लोक मैदानावर यायचे आणि समोरचा संघ आलाच नाही म्हणून परत जायचे. बर्मिंगहॅममधला कापड दुकानदार आणि ॲस्टन व्हिलाचा कारभारी विल्यम मॅकग्रेगर याने २ मार्च १८८८ रोजी काही निवडक क्लबांना पत्र पाठवलं, त्यांत ब्लॅकबर्न रोव्हर्स होता. दहा-बारा क्लबांनी एकत्र यावं, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावं, आणि तारखा आधी ठरवून त्या पाळाव्यात, अशी त्याची योजना. दुकानदाराच्या डोक्यातून निघालेली कल्पना होती, त्यामुळे तिच्यात भाबडेपणा नव्हता. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात फुटबॉल लीग स्थापन झाली. बारा क्लब, सहा लँकेशायरचे, सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नाही. जगातली पहिली फुटबॉल लीग राजधानीला वगळून गिरणी-भट्टीच्या गावांनी सुरू केली.

सामने ८ सप्टेंबर १८८८ ला सुरू झाले. रोव्हर्सचा पहिला सामना आठवडाभराने, लेमिंग्टन रोडच्या मैदानावर शेजारच्या ॲक्रिंग्टनशी झाला आणि ५-५ असा बरोबरीत सुटला. गंमत म्हणजे बरोबरीला किती गुण द्यायचे, हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हा हिशेब नोव्हेंबरमध्ये नक्की झाला. प्रेस्टन एकही सामना न हरता पहिला आला, रोव्हर्स चौथा. पुढच्या वर्षी तिसरा, त्याच्या पुढच्या वर्षी सहावा. १८९० मध्ये क्लब इवूड पार्कला गेला आणि आजही तिथेच आहे. १८९० आणि १८९१ मध्ये कप पुन्हा जिंकला, पण लीगचं अजिंक्यपद हाती येईना. संघात जॅक साउथवर्थसारखा गोल करणारा होता, १८९०-९१ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. हा साउथवर्थ खेळ संपल्यावर मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वादक झाला. माझं मत विचाराल तर रोव्हर्स हा पाच-सहा सामन्यांचा राजा होता. बावीस सामन्यांचा दम वेगळा लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

दम किती नव्हता, ते १२ डिसेंबर १८९१ ला बर्नलीत दिसलं. बर्फ पडत होतं, हाडं गोठवणारी थंडी होती आणि रोव्हर्स ०-३ असा मागे होता. उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूची हातघाई झाली, पंचांनी दोघांना बाहेर काढलं. त्याबरोबर रोव्हर्सचे उरलेले खेळाडूही मैदान सोडून निघून गेले. राहिला एकटा गोलरक्षक हर्बर्ट आर्थर. पंचांनी खेळ सुरू केला! बर्नलीचे खेळाडू चाल करून आले, आणि आर्थरने ऑफसाइडचं अपील केलं. त्या काळच्या नियमाने चेंडू पुढे मिळणाऱ्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन जण असावे लागत. इथे होता एकच. अपील मान्य झालं. फ्री किक मिळाली, पण पास द्यायला स्वतःचं माणूस नाही, म्हणून आर्थर चेंडू घेऊन नुसता उभा राहिला. शेवटी पंचांनी सामना थांबवला.

१८९७-९८ मध्ये रोव्हर्स सोळांत पंधरावा आला. लीगने पहिली श्रेणी नेमकी त्याच उन्हाळ्यात सोळावरून अठरा क्लबांची केली, म्हणून तो वर टिकला. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तोवर रोव्हर्सकडे पाच कप होते आणि लीगचं एकही अजिंक्यपद नव्हतं. ते पहिल्यांदा मिळालं १९१२ मध्ये.

या सगळ्याच्या मुळाशी एक कायदा आहे. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं बंधनकारक केलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नसे, त्यामुळे पुरुषांनाही सुट्टी मिळाली. अख्खं गाव एकाच वेळी मोकळं, खिशात आठवड्याचा पगार आणि संध्याकाळ व्हायला अवकाश. फुटबॉलच्या लीगला हेच लागतं.

आपल्याकडे गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली, म्हणजे रोव्हर्स इवूड पार्कला गेला त्याच वर्षी. लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं. चाकणही त्याच तालुक्यात.

आणि आज चाकण, भोसरी, पिंपरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी, विजेचा भार वाटून घेण्यासाठी ठरलेली. महावितरणची दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी. बायको दुसऱ्या कंपनीत असेल तर तिची सुट्टी वेगळी, पोरांच्या शाळेची रविवारी. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची नाइट, कंत्राटी पोराला तर सुट्टी म्हणजे बुडालेला पगार. अशा गावात तिकीट काढून दर आठवड्याला मैदानावर कोण येणार? पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, पण त्या क्लबला २०१५ नंतर टिकता आलं नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. पैशाची कारणं प्रत्येकाची वेगळी असतील, पण ‘पुण्यात फुटबॉलची आवडच नाही’ हे उत्तर मला आळशी वाटतं.

कंपन्यांच्या क्रीडा मंडळांना एवढंच सुचवायचं आहे. शनिवार-रविवारी बाद फेरीच्या स्पर्धा भरवून ढाली वाटणं एक वर्ष थांबवा. बारा कंपन्यांचे संघ घ्या, सामने गुरुवारी ठेवा आणि तारखा हंगामाआधी छापून गेटवर लावा. बारा संघांना घरी-बाहेर खेळायला बावीस गुरुवार लागतात. पावसाळा वगळला तरी वर्षात तेवढे सहज मिळतात.