गाडीच्या ब्रेक डिस्क घरी बदलायच्या? आधी मोजा, मग पाना धरा

हा भाग ऐकता ऐकता काही जण खरंच गाडीखाली बसणार, हात काळे असताना ऑडिओ मागे-पुढे करणं काही जमत नाही. म्हणून पूर्ण भाग इथे लिहून ठेवला आहे. विषय आहे कारच्या पुढच्या चाकांमधल्या ब्रेक डिस्क, म्हणजे ज्याला दुकानात रोटर असंही म्हणतात, त्या घरच्या घरी बदलणं.

मी आर्वीत माझ्या छोट्या गाडीच्या दोन्ही पुढच्या डिस्क घरीच बदलल्या आहेत. तेव्हापासून ओळखीची पोरं दोन प्रश्न विचारतात. जमते का? आणि भीती नाही वाटत? माझं म्हणणं असं, की ज्याला मोजायचा आणि घासून साफ करायचा कंटाळा नाही, त्याला हे काम जमतं. ज्याला कंटाळा आहे, त्यानं मेकॅनिकभाऊकडे जावं. यात लाज काहीच नाही.

ब्रेक नेमकं करतो काय?

ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. साधा हिशोब करू. माणसासकट १००० किलोची गाडी ८० च्या स्पीडला आहे आणि तुम्ही ती पूर्ण थांबवली. त्या एका ब्रेकमध्ये जवळपास २४७ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात पाऊण लिटरपेक्षा जास्त साधं पाणी उकळीला येईल. स्पीड निम्मा, म्हणजे ४० असेल, तर उष्णता निम्मी नाही, चौथा हिस्सा होते. म्हणून गावातल्या गावात चालणारी गाडी आणि हायवेची गाडी, दोघींच्या डिस्क सारख्या झिजत नाहीत.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून जास्तीत जास्त भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत म्हणूनच पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो.

आता आपल्या भागाचं पाहा. आर्वीहून तळेगावला गेलं की नागपूर-अमरावती हायवे लागतो, आणि तिथेच सत्याग्रही घाट आहे. मे महिन्याचं ऊन, गाडीत पाच जण, डिक्कीत सामान, समोर ट्रक. उतारावर पायडल सारखं दाबून ठेवलं, तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. झिजून पातळ झालेल्या डिस्कमध्ये लोखंड कमी, म्हणून ती लवकर तापते. हे काम का नीट करायचं, ते या घाटात कळतं.

बदलायची गरज आहे का, ते आधी पाहा

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरून राहिलं की सगळे म्हणतात, "डिस्क वाकली." बऱ्याचदा ती वाकलेली नसते. एका जागी जाड, एका जागी पातळ झालेली असते. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी असला तरी हाताला जाणवतो. खर्र खर्र आवाज येत असेल, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी चालवूच नका.

खरा निकाल जाडी देते. बहुतेक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज घासला की दिसतो. मोजायला व्हर्नियर घ्या, पण एक गोम आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली उंच धार राहते. व्हर्नियर त्या धारेवर टेकला की जाडी जास्त दिसते आणि आपण फसतो. त्यावर सोपी युक्ती: एकसारखी दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना झिजलेल्या भागावर धरा, सगळं मिळून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. आकडा किमान जाडीच्या जवळ आला, खोल चरे पडले किंवा तडा दिसला, तर डिस्क बदला. नेहमी दोन्ही बाजूंची जोडी बदला, आणि पॅडही नवे घ्या. जुना पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांप्रमाणे झिजलेला असतो, नव्या डिस्कवर तो पूर्ण टेकत नाही.

दुकानातून डिस्क आणली की लगेच जुनीशी ताडून पाहा. व्यास, भोकांची संख्या आणि उंची तंतोतंत जुळली पाहिजे.

जागा आणि सामान

जागा सगळ्यात आधी. आपल्याकडची काळी माती जॅकला धरत नाही, पाऊस पडून गेला असेल तर विचारूच नका. सपाट सिमेंटची जागाच पाहिजे. डिक्कीतला जॅक फक्त गाडी उचलायला. उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवायची. विटा, दगड, फरशीचे तुकडे अजिबात नाही. वीट भाराखाली एकदम फुटते, आधी सांगत नाही.

सामान असं: जॅक स्टँड, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने (बहुतेक छोट्या गाड्यांत हे पुरतात), टॉर्क रेंच, वायर ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर स्प्रे, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, सी क्लॅम्प, बांधायची तार, मास्क आणि हातमोजे.

काम, क्रमानं

१. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी अडण लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून पुढची बाजू उचलली तरी तो धरून ठेवतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

२. गाडी उचला, स्टँड लावा, हलवून खात्री करा. मगच चाक काढा. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, तेवढाच जास्तीचा आधार.

३. स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवलं की मागचे बोल्ट हाताशी येतात. कॅलिपर सोडवा आणि तारेनं स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या पाइपवर कधीच लटकू देऊ नका, पाइप आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही.

४. पॅड काढा, कॅलिपरची कमान काढा. तिचे बोल्ट घट्ट असतात, जोर लावताना गाडी हलत नाही ना, ते पाहा. ब्रेकची धूळ फुंकू नका. मास्क लावा आणि स्प्रेनं ओली करून पुसा.

५. डिस्क हबला चिकटून बसलेली असते. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीनं घट्ट केले की डिस्क आपोआप सुटते.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त गाळलं जाणारं काम. हबचा सपाट भाग वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत करा. गंजाचा बारीक कण जरी राहिला तरी डिस्क तिरकी बसते, फिरताना डोलते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तीच थरथर सुरू होते. मग दोष नव्या डिस्कवर येतो.

७. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते क्लीनरनं पूर्ण काढा. नंतर त्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

८. पिस्टन सी क्लॅम्पनं हळूहळू आत ढकला. तेव्हा बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं, ते सांडू देऊ नका. रंगावर पडलं तर रंग जातो. सरकणाऱ्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

९. सगळं उलट क्रमानं बसवा. कमानीचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचनं कसा. छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. नट समोरासमोरचे कसायचे, गोल फिरत नाही.

१०. इंजिन सुरू करायच्या आधी पायडल दाबत राहा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पायडल थेट खाली जातं. ही पायरी विसरून गाडी गेटबाहेर काढली, तर समोरच्याला थांबवायला ब्रेकच नसतो.

कुठे थांबायचं?

पिस्टनजवळ ओल दिसली, पिस्टन आत जातच नसेल, पाइपला भेगा असतील, बोल्टचे आटे गेले असतील, किंवा एबीएसच्या सेन्सरची तार तुटली असेल, तर काम तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. कडक होत नसलेलं पायडल घेऊन गाडी दुकानापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

ब्रेक ऑइलही एकदा पाहून घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइल हवेतली ओल शोषतात. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल मऊ पडतं. नवी डिस्क, नवे पॅड आणि पाच वर्षांचं ऑइल, ही जोडी घाटात कामाची नाही.

पहिले काही किलोमीटर

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. सकाळी लवकर, मोकळ्या सरळ रस्त्यावर जा. मागे कोणी नाही पाहून ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका. मधे थोडं अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. डिस्क तापलेली असताना पायडल दाबून उभं राहू नका, पॅडचा छाप एका जागी बसतो आणि थरथरीची सुरुवात तिथूनच होते. पुढचे दोनेकशे किलोमीटर कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनला अडवू द्या. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, पाय त्यावर ठेवून बसायचं नाही.

या रविवारी बाकी काही करू नका, फक्त एक चाक काढा आणि जाडी मोजा. आकडा आणि गाडीचं मॉडेल व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात मागच्या ड्रमबद्दल बोलू, तेव्हा तुमचे आकडे घेऊनच बोलू. चला, सांभाळून चालवा!