कियारा : असिसीहून आलेलं उजेडाचं नाव

वऱ्हाडातल्या कामरगावात बारसं असलं की पाळणा सजतो, घुगऱ्यांची परात मधोमध येते आणि आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. मग कोपऱ्यातल्या आजीचा प्रश्न ठरलेला, ‘काय ठिवलं वं नाव पोरीचं?’ या प्रश्नाला कधीकाळी पंचफुला, द्रौपदा, अंजना अशी उत्तरं मिळत. पुढे सुनीता, वंदना आल्या, त्यांच्यामागून अश्विनी, प्रियंका. अलीकडे लहानशा गावांतही ‘कियारा’ ऐकू येतं. आजीला ते पहिल्या खेपेला उमगत नाही. दोनदा विचारून ती त्याचं ‘किया’ करून टाकते आणि पोरीला घरातलं नाव मिळतं.

नाव इटालियन आहे. इटलीत त्याचा उच्चार ‘क्यारा’ असा होतो. मूळ लॅटिन ‘क्लारुस’ हा शब्द, आणि त्याचे अर्थ उजळ, स्वच्छ, नामांकित. याच मुळातून फ्रेंचांची क्लेअर निघाली आणि स्पॅनिश लोकांची क्लारा. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना क्लारा नवी नाही. म्हणजे कियाराची ही थोरली बहीण आपल्याकडे आधीपासूनच नांदते आहे.

इटलीत या नावाला मान मिळवून दिला तो एका संत बाईने. असिसी गावात ११९४ साली एका सरदार घराण्यात क्यारा जन्मली. तिच्या आईला गरोदरपणी प्रार्थना करताना ‘तुझं मूल जगाला उजेड देईल’ असा संकेत मिळाला आणि म्हणून हे नाव ठेवलं, अशी आख्यायिका आहे. १२१२ साली ही तरुण मुलगी रात्रीतून घर सोडून संत फ्रान्सिसकडे गेली. केस कापले, श्रीमंती टाकली, जोगिणींचा पंथ उभा केला. त्या पंथाची नियमावली तिने स्वतः लिहिली. पुरुषांनी घालून दिलेल्या नियमांवर बायकांचे मठ चालत होते त्या काळात हे धाडस फार मोठं होतं. १२५३च्या ऑगस्टमध्ये पोपची मान्यता आली आणि दोनच दिवसांनी, ११ तारखेला, तिने देह ठेवला. घर सोडून संतपद गाठणाऱ्या बाईची थोरवी महदंबा, जनाबाईंच्या मराठी मुलखाला वेगळी सांगायला नको.

क्याराची आणखी एक कथा आहे. आजारपणामुळे ती नाताळच्या प्रार्थनेला जाऊ शकली नाही, तेव्हा तो सोहळा तिला खोलीतूनच दिसला. या कथेवरून विसाव्या शतकात पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची संरक्षक संत ठरवलं.

आपल्याकडे हे नाव पोचलं तेही पडद्यावरूनच. ‘लायन किंग’च्या १९९८ सालच्या दुसऱ्या भागात सिंबाच्या मुलीचं नाव कियारा. २०१०च्या ‘अंजाना अंजानी’त प्रियंका चोप्राने साकारलेली नायिकाही कियारा. आलिया अडवाणी या नवोदित मुलीला सिनेमात येताना वेगळं नाव हवं होतं, कारण आलिया भट्ट आधीच होती. तिने ‘अंजाना अंजानी’च्या नायिकेचं नाव उचललं आणि ती कियारा अडवाणी झाली. तिचे ‘धोनी’ आणि २०१९चा ‘कबीर सिंग’ हे सिनेमे गाजले तसं ते नाव घराघरांत पोचलं.

नावांच्या याद्यांत मात्र कियाराचं मूळ बेधडक संस्कृत म्हणून दिलेलं सापडतं. त्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय आयर्लंडमध्ये दिसायला जवळपास असंच एक वेगळं नाव आहे. त्याचा उच्चार ‘कीरा’ आणि अर्थ काळीसावळी. दोन्हींची सरमिसळ झाली की एकाच नावाचे उजळ आणि काळी असे दोन उलट अर्थ छापून येतात. खरा अर्थ एवढा सुंदर असताना खोट्याची गरज काय?

पत्रिका पाहणाऱ्यांचीही या नावाने सोय केली. ‘की’ हे अक्षर मृगशीर्षाच्या चौथ्या चरणाचं, रास मिथुन. या अक्षरावर आपल्याकडे किरण आणि कीर्ती ही नावं पूर्वापार आहेत. ‘क्लारुस’मध्ये उजेड आहे आणि लौकिकही, म्हणजे किरणही आहे आणि कीर्तीही! परकं नाव ठेवलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. माझ्या मते ज्या घराला ते आवडलं त्या घराने ते खुशाल ठेवावं.

काळजी घ्यायची ती लिहिण्याची. कियारा, किआरा, कियरा, क्यारा अशी रूपं सर्रास दिसतात आणि इंग्रजीत तर त्याहून जास्त. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर ते पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे. आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा ग्रामपंचायतीत जाण्याआधी दोन्ही लिप्यांतलं रूप घरात एकमताने ठरवा, कागदावर लिहून न्या आणि दाखला हातात पडताच अक्षरन् अक्षर तपासून घ्या.