कंबरेचे मणके मोजताना

कंबरेचे मणके पाच, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात काहींचा पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला जोडलेला असतो, तर काहींमध्ये त्रिकास्थीचाच पहिला मणका सुटा होऊन सहावा ठरतो. १८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हे वेगळेपण जिवंत माणसात दिसू लागले. १९१७ मध्ये इटलीच्या मारिओ बेर्तोलोत्ती यांनी त्याचा संबंध कंबरदुखीशी आणि सायटिकाशी जोडला. तो वाद आजही मिटलेला नाही.

१९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली गादी सरकून नस दबते हे दाखवले आणि कंबरदुखीची चर्चा गादीभोवती फिरू लागली. १९८४ मध्ये कॅस्टेल्वी यांनी अशा वेगळ्या मणक्यांचे, म्हणजे जोडमणक्यांचे, चार प्रकार पाडले: आडवे पंख नुसते रुंद झालेले, खालच्या हाडाशी खोटा सांधा झालेला, पुरते एकजीव झालेले, आणि एका बाजूला सांधा तर दुसऱ्या बाजूला जोड. एल्स्टर यांचा १९८९ चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. गादी सरकलीच, तर ती जोडमणक्याच्या लगेच वरच्या जागी कितीतरी जास्त वेळा सरकलेली आढळली. खालचा भाग हलेनासा झाला की ताण वर जातो.

असे मणके किती जणांत? अभ्यासागणिक ४ ते ३६ टक्के, कारण प्रत्येकाची व्याख्या निराळी. त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. म्हणून रिपोर्टवर ‘सॅक्रलायझेशन’ (पाचवा मणका त्रिकास्थीला जोडलेला) वाचून घाबरू नये. हे वेगळेपण येते कुठून? २००३ मध्ये वेलिक आणि कॅपेकी यांनी उंदरांत मणक्यांची ओळख ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे दोन गट बंद केले, तेव्हा एकात कंबरेच्या मणक्यांना बरगड्या फुटल्या, दुसऱ्यात त्रिकास्थी घडलीच नाही. मणक्याची ओळख गर्भातच ठरते.

दुखण्याचा वाद चालू राहो. मोजणीत मात्र हयगय नको. कंबरेच्या एमआरआयमध्ये पाठीचा खालचा भागच दिसतो. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट अनेकदा खालून वर मोजतो, तर सर्जन ऑपरेशनच्या टेबलावर कधी शेवटच्या बरगडीपासून मोजतो. सहावा मणका असेल, तर एकाचा एल-४ (कंबरेचा चौथा मणका) दुसऱ्याचा एल-५ (पाचवा) होतो आणि सुरी चुकीच्या जागी लागू शकते. यावर उपाय अवघड नाही: पूर्ण कण्याची फिल्म घेऊन मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खालपर्यंत मोजावे, मोजणी कशी केली ते रिपोर्टात लिहावे, आणि ऑपरेशनआधी दोघांनी तीच फिल्म समोर ठेवून क्रमांक पक्का करावा.