इनामाचं गाव

१९४० साली या गावात जन्मलेल्या एखाद्या माणसाचा विचार करा. जन्मदाखल्यावर गावाचं नाव नॉय-हार्डेनबर्ग. पाटी-दप्तराच्या वयात गाव मार्क्सवाल्डे झालेलं. पन्नाशी गाठली, तोच नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी गाव पुन्हा नॉयहार्डेनबर्ग. या सगळ्या काळात त्याने घर बदललेलं नाही, आणि दारासमोरचा रस्ताही शिंकेल नावाच्या स्थपतीने आखून दिला तसाच आहे. त्याच्या खापरपणजोबांच्या आजोबांना विचारता आलं असतं, तर त्यांनी यांपैकी एकही नाव ओळखलं नसतं. त्यांच्यासाठी गाव होतं क्विलित्स.

बर्लिनच्या पूर्वेला, पोलंडच्या सीमेकडे जाताना, ओडर नदीच्या खोऱ्याच्या कडेला हे छोटं गाव आहे. क्विलित्स हे नाव जर्मन वळणाचं नाही. जर्मन शेतकरी येण्याआधी या भागात स्लाव्ह लोकांची वस्ती होती, त्यांच्या बोलीची ही खूण. चौदाव्या शतकापासून ते कागदोपत्री सापडतं. पुढची चारेकशे वर्षं या सरदाराकडून त्या सरदाराकडे गाव जात राहिलं, त्यात फार सांगण्यासारखं नाही. गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते ती एका पराभवापासून.

१२ ऑगस्ट १७५९. कुनर्सडोर्फच्या रणांगणावर प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश, ज्याला इतिहास थोर म्हणतो, रशिया आणि ऑस्ट्रियाच्या संयुक्त फौजेपुढे पार मोडला. सैन्य उधळलं, शत्रूचे घोडेस्वार अंगावर आले आणि राजा पकडला जाणार अशी वेळ आली. तेव्हा योआखिम बर्नहार्ड फॉन प्रिटवित्स नावाचा घोडदळाचा अधिकारी आपल्या मूठभर स्वारांनिशी मध्ये पडला आणि त्याने राजाला बाहेर काढलं. ते उपकार राजा विसरला नाही. सात वर्षांचं युद्ध संपलं त्या १७६३ साली त्याने क्विलित्स प्रिटवित्सला इनाम दिलं. गावातल्या माणसांचा त्या लढाईशी संबंध एवढाच, की तिची किंमत म्हणून ते एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेले. तेव्हाच्या प्रशियात गाव द्यायचं म्हणजे जमिनीबरोबर तिथली कुळंही द्यायची. सरदाराच्या शेतावर वेठ करायची, त्याच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही आणि गाव सोडायचं नाही, असा त्यांचा जन्म असे.

प्रिटवित्सने इथे वाडा बांधला. राजा वारल्यावर बागेत त्याचं स्मारकही उभं केलं. युद्धदेव मार्स आणि देवी मिनर्व्हा राजासाठी शोक करताहेत, असं ते संगमरवरी शिल्प आहे. फ्रीडरिशच्या अगदी सुरुवातीच्या स्मारकांत त्याची गणना होते. राजधानीत नव्हे, एका खेड्यातल्या बागेत ते उभं राहिलं याचं मला अप्रूप वाटतं. यात दरबारी थाटापेक्षा एका म्हाताऱ्या सैनिकाची माया अधिक दिसते.

मग १८०१ साली आग लागली आणि क्विलित्सचा मोठा भाग जळून गेला. नवं गाव आखायचं काम आलं कार्ल फ्रीडरिश शिंकेलकडे. त्याचं वय होतं वीस. पुढे बर्लिनचं आल्टेस म्युझियम, नॉये वाखे ही पहारेकऱ्यांची इमारत, शाउश्पीलहाउस हे नाट्यगृह अशा वास्तू उभारून ज्याने राजधानीचा चेहरा घडवला, तोच हा शिंकेल. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या बर्लिनच्या इमारतींवर पानंच्या पानं असतात. मला मात्र हे त्याचं पोरवयातलं काम पाहावंसं वाटतं, कारण इथे त्याने राजासाठी नव्हे, तर शेतकऱ्यांसाठी रेघा मारल्या. रुंद रस्ता, मधोमध लांबच लांब हिरवळ, दोन्ही अंगांना एकमजली साधी घरं, एकाच उंचीची, एकाच शिस्तीची. दाटीवाटीने वसलेल्या गावात ठिणगी या छपरावरून त्या छपरावर जाते. घरांमध्ये अंतर आणि समोर मोकळं आवार असलं, की तिला वाट मिळत नाही. गावाचं चर्चही त्याच्याच आराखड्याने बांधलं गेलं आणि १८०९ मध्ये पूर्ण झालं.

गावाचा पुढचा धनी साधा सरदार नव्हता. नेपोलियनने १८०६ साली प्रशियाला धूळ चारल्यावर त्या राज्याला पुन्हा उभं करणाऱ्या दोन मुत्सद्द्यांपैकी तो एक. पहिला श्टाइन, दुसरा कार्ल आउगुस्ट फॉन हार्डेनबर्ग. १८१० पासून हार्डेनबर्ग राज्याचा चान्सलर होता. व्यवसायाचं स्वातंत्र्य, १८१२ चा ज्यू प्रजाजनांना नागरिकत्वाचे हक्क देणारा हुकूम, ही त्याची कामं. शेतकऱ्यांची जन्मजात बांधिलकी संपवण्याचा हुकूम श्टाइनच्या काळात, १८०७ मध्ये निघाला होता. कसणाऱ्याला जमिनीची मालकी कशी मिळायची, हे ठरवणारा १८११ चा हुकूम हार्डेनबर्गचा.

या हुकुमापाशी जरा थांबायला हवं. शेतकरी मोकळा झाला, पण मोकळेपणाचं मोल त्याने जमिनीत मोजायचं होतं. वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्याने तिचा एक तृतीयांश सरदाराला सोडायचा आणि तसा हक्क नसलेल्याने निम्मी. उरलेली त्याची. १८१६ मध्ये त्यातही कात्री लागली आणि ज्यांच्याकडे स्वतःची नांगराची जनावरं होती अशांपुरताच हा लाभ राहिला. लहान शेतकऱ्याच्या हाती काही लागलं नाही आणि तो मजूर झाला. सरदारांच्या जमिनी मात्र वाढल्या. हार्डेनबर्गला सरदारांच्या विरोधामुळे माघार घ्यावी लागली, हे खरं आहे. पण ज्याचं पोट त्या जमिनीवर होतं, त्याला या माघारीची कारणं समजून काय मिळणार होतं?

नेपोलियन हरला आणि १८१४ मध्ये राजा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने आपल्या चान्सलरला राजपुत्राच्या तोडीचा किताब दिला. सोबत दिलं क्विलित्स. म्हणजे वेठ मोडणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाला बक्षीस मिळालं ते एक गाव, आणि पाठोपाठ गावाला त्याचं आडनाव लागलं. क्विलित्स गेलं, नॉय-हार्डेनबर्ग आलं. हार्डेनबर्ग घराण्याचं मूळ ठाणं पश्चिमेकडे होतं, म्हणून हे नवं, ‘नॉय’.

नव्या धन्याने शिंकेलला पुन्हा बोलावलं. आता तो विशीतला मुलगा नव्हता, राज्याचा नामांकित स्थपती होता. प्रिटवित्सच्या वाड्यावर त्याने मजला चढवला आणि जुन्या इमारतीला पांढराशुभ्र, नेमस्त चेहरा दिला. बागेचं काम पेटर योझेफ लेनेने केलं. त्यात चान्सलरचा जावई, बागांनी झपाटलेला प्यूकलर यानेही लक्ष घातलं. सरळ आखीव ताटवे गेले आणि झाडांच्या गर्दीतून वळत जाणारी, मध्येच तळं दाखवणारी मोकळी बाग आली. ती डोळे भरून पाहायला हार्डेनबर्ग फार काळ राहिला नाही. २६ नोव्हेंबर १८२२ रोजी इटलीत, जिनोव्हा इथे त्याचं निधन झालं. त्याचं हृदय गावच्या चर्चमधल्या वेदीत जतन केलं आहे.

इथून पुढची शंभर वर्षं मी चटकन ओलांडतो. थिओडोर फोंटानेने ब्रांडेनबुर्गच्या भटकंतीवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखनात या गावाला स्वतंत्र प्रकरण दिलं, आणि त्याच्या शीर्षकात क्विलित्स हे जुनं नावही राखलं, इतकं सांगितलं तरी पुरे.

विसाव्या शतकात वाड्याचा मालक होता काउंट कार्ल-हान्स फॉन हार्डेनबर्ग. दुसऱ्या महायुद्धात तो पूर्व आघाडीवर फील्डमार्शल फॉन बोकचा सहायक अधिकारी होता. १९४१ मध्ये बेलारूसमधल्या बोरिसोव इथे हजारो ज्यूंची कत्तल होत असलेली त्याने पाहिली. हिटलरविरुद्ध उभं राहायचं त्याने ठरवलं. बर्लिनपासून जवळ, पण डोळ्यांआड असलेला त्याचा वाडा कट करणाऱ्यांची भेटायची जागा झाला. हिटलरला बॉम्बने मारायच्या कटाचा म्होरक्या श्टाउफेनबर्ग तिथे येऊन गेला. कार्ल-हान्सची मुलगी राइनहिल्ड हिचं श्टाउफेनबर्गचा सहायक वेर्नर फॉन हेफ्टेन याच्याशी लग्न ठरलेलं होतं. २० जुलै १९४४ रोजी बॉम्ब फुटला, हिटलर वाचला आणि त्याच रात्री श्टाउफेनबर्गसोबत हेफ्टेनलाही गोळ्या घातल्या गेल्या. चार दिवसांनी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, वाड्यावर आले. जिवंत हाती लागायचं नाही म्हणून कार्ल-हान्सने स्वतःच्या छातीत गोळ्या झाडून घेतल्या, तरी तो जगला. त्याला झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत नेलं. तिथून तो सुटला १९४५ च्या एप्रिलमध्ये, सोव्हिएत सैन्य आल्यावर.

त्याच महिन्यात सोव्हिएत फौजांनी गावापासून थोड्याच अंतरावरच्या झेलोवच्या टेकड्या जिंकून बर्लिनची वाट उघडली होती. मग सोव्हिएत ताब्यातल्या या भागात जमीन सुधारणा आली. शंभर हेक्टरांहून मोठी सरदारी शेती मोबदल्याशिवाय जप्त झाली. नाझींनी मालमत्ता काढून घेतलेल्या हार्डेनबर्गना नव्या राजवटीनेही ती परत दिली नाही. हा अन्याय होता, असं मला वाटतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्या मजुराला त्या वाटपात स्वतःचा तुकडा मिळाला, हेही त्याच वर्षाचं सत्य आहे. १८११ च्या हुकुमाने जे टाळलं होतं, ते असं एकशे चौतीस वर्षांनी, बंदुकीच्या धाकात घडलं.

१ मे १९४९ ला गाव मार्क्सवाल्डे झालं. ‘वाल्ड’ म्हणजे वन, तेव्हा मार्क्सचं वन. वाड्यात शाळा भरू लागली. शेजारच्या विमानतळावर पूर्व जर्मनीच्या लढाऊ विमानांचा तळ बसला आणि सरकारी नेत्यांची विमानंही तिथूनच उडू लागली. झीगमुंड येन हा वैमानिक इथल्याच तुकडीतला. २६ ऑगस्ट १९७८ रोजी तो सोयुझ ३१ मधून अवकाशात गेला. अवकाशात पोचलेला तो पहिला जर्मन.

बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला आणि १ जानेवारी १९९१ पासून गावाने जुनं नाव पुन्हा घेतलं, फक्त मधली आडवी रेघ गळाली. वाडा १९९६ मध्ये हार्डेनबर्ग कुटुंबाला परत मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो जर्मन बचत बँकांच्या संघटनेला विकला. दुरुस्ती होऊन २००२ पासून तिथे मैफली, प्रदर्शनं, नाटकं होतात. विमानतळाच्या जागेवर २०१२ मध्ये १४५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला.

शिंकेलने आखलेल्या त्या रुंद रस्त्याला मात्र कुणी हात लावलेला नाही. गावाच्या नावातून मार्क्स गेला, तरी रस्त्याचं नाव आजही कार्ल-मार्क्स-आलेच आहे. गावकऱ्यांची पत्रं त्याच पत्त्यावर येतात.